होळी उलटून घेण्याचा नियम

जर्मनीच्या पूर्वेकडच्या ओबरवाल्डित्स गावात होळी पेटवण्याआधी ती उलटून घ्यावी लागते.

एप्रिलच्या तीस तारखेला संध्याकाळी गवताची चेटकीण जाळायची, हा तिथला जुना रिवाज. त्यासाठी दोन आठवडे आधीपासून गावाबाहेरच्या कुरणावर लाकूडफाटा साचत जातो. छाटलेल्या फांद्या, वाळलेली नाताळची झाडं, मोडकी कुंपणं. एवढा उबदार ढीग दोन आठवडे उभा राहिला की त्यात कोणी ना कोणी बिऱ्हाड करणारच. जाहक नावाचा मुठीएवढा काटेरी प्राणी तर असल्या ढिगाची वाटच बघत असतो. म्हणून निसर्ग खात्याचा नियम असा, की ज्या दिवशी पेटवायचं त्याच दिवशी सगळा ढीग हाताने उपसायचा, काडी न् काडी शेजारी नव्याने रचायची, आणि आत कोणी जिवंत नाही असं गावच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाने सहीनिशी लिहून द्यायचं. सही नाही, तर होळी नाही.

कारोला हेंपेल अकरा वर्षं ही सही करत आली होती. तिच्याआधी तिचे वडील सव्वीस वर्षं करत होते. सुरुवातीच्या वर्षांत तिच्या सहीने चार जाहक, एक बेडूक आणि सरपंचांच्या बायकोचं मांजर वाचलं होतं. पुढे पुढे नियमाला जरा सवड मिळाली. कडेच्या चार फांद्या हलवायच्या, बिअरची पेटी उघडायची आणि सही करायची.

माणसं राहतात ते घर पेटवण्याआधी काय करायचं, याबद्दल मात्र खात्याचा काहीच नियम नव्हता. तशी वेळ येईल असं खात्याला वाटलं नसावं.

ती वेळ मार्चमध्ये आली. गावाच्या वरच्या अंगाला, या कुरणाला लागूनच, एक विश्रांतिगृह आहे. जुन्या राजवटीत सूतगिरणीच्या कामगारांना तिथे पंधरा दिवसांच्या सुट्टीवर पाठवत. राजवट गेली, गिरणी गेली, आणि विश्रांतिगृह तीस वर्षं फुटक्या खिडक्यांनी बसून राहिलं. त्या तीस वर्षांत त्याच्याकडे बघून कोणाचा गळा दाटून आल्याची नोंद नाही. मग जिल्ह्याने खिडक्यांना काचा बसवल्या, आश्रय मागायला आलेली अडतीस माणसं तिथे आणून ठेवली, आणि त्याच आठवड्यात गावाच्या लक्षात आलं, की अरे, आपलं काळीज तर तिथेच होतं! आजीची लग्नाची मेजवानी तिथे झाली होती. पहिलं चुंबन तिथे झालं होतं. गावातल्या सगळ्यांनी सांगितलेली पहिली चुंबनं मोजली असती तर त्या इमारतीत सूतगिरणीच्या कामगारांना पाय ठेवायला जागा उरली नसती.

दर सोमवारी मोर्चा निघू लागला. ‘आमचं वाल्डित्स’ असं त्या मंडळाचं नाव. म्होरक्या सिल्व्हिओ नाउमान. परदेशी माणसांपासून गावाला वाचवायचा विडा उचललेल्या या गृहस्थाचं नाव इटालियन होतं, कारण जुन्या राजवटीत कोणालाच कुठे जाता येत नसे, तेव्हा आईबाप निदान मुलांची नावं तरी परदेशी पाठवत. तो टायरचं दुकान चालवायचा आणि अग्निशमन दलात सामानाचा प्रमुख होता. होस पाइप, पंप, शिड्या, पेट्रोलचे कॅन, सगळं त्याच्या ताब्यात.

मार्चमधल्या एका शनिवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास, विश्रांतिगृहाच्या धुलाईखोलीच्या खिडकीतून कोणीतरी आत पेट्रोल ओतलं आणि काडी टाकली. गावाचा भोंगा वाजला. दलाच्या यादीवर बावीस नावं आहेत. पाच जण आले. बंबघरापासून तीनशे पावलांवर राहणारा सिल्व्हिओ आला नाही. आगीची वर्दी देणाऱ्या त्याच्या पेजरची बॅटरी उतरली होती. त्या संध्याकाळी गावात एकूण सतरा पेजरांच्या बॅटऱ्या उतरल्या होत्या, आणि कंपनीकडे तक्रार करावी असं कोणालाही वाटलं नाही.

कारोला स्वतः बंब चालवत वर पोचली तेव्हा तिथल्या लोकांनी बादल्यांची रांग लावून अर्धी आग विझवली होती. सेनाइत नावाची इरिट्रियाची बाई पायरीवर बसली होती. आतून एका मुलाला ओढून काढताना तिचा डावा हात कोपरापर्यंत भाजला होता.

पोलिसांनी ‘अज्ञात इसम’ असं लिहिलं. कोणाच्या कुत्र्याने कोणाच्या दारात काय केलं हे जिथे दुपारच्या जेवणाआधी सगळ्यांना कळतं, त्या अकराशे वस्तीच्या गावात एक इसम अज्ञात होता.

पुढच्या आठवड्यात सेनाइत हाताला पट्टी बांधून बंबघरात आली. तिची जर्मन अभ्यासवर्गातली होती. वाक्यं इस्त्री करून आणल्यासारखी यायची. “हेंपेलबाई, मी आपल्याला एक प्रश्न विचारू इच्छिते. पोलीस म्हणतात, माहीत नाही. आपल्याला माहीत आहे का?”

“नाही,” कारोला म्हणाली.

आणि हे त्या दिवशी खरंही होतं. खोटं ते एप्रिलच्या पहिल्या शनिवारी झालं. दर महिन्याला त्या दिवशी सामानाची मोजणी असते. सिल्व्हिओ मोजून नोंदवहीत लिहितो, कारोला फळीवर नजर टाकते आणि सही करते. लाल प्लास्टिकचे पेट्रोल कॅन, पांढऱ्या रंगाने एक ते सहा आकडे घातलेले. सिल्व्हिओने लिहिलं, ‘सहा’. कारोलाने फळीकडे पाहिलं. पाच होते. पाचाच्या पलीकडे धुळीत एक चौकोन स्वच्छ होता. सिल्व्हिओ तिच्याकडे बघत होता आणि बघता बघता विचारत होता, की तुझ्या गाडीचे उन्हाळी टायर कधी घालू?

“मंगळवारी,” ती म्हणाली, आणि सही केली.

तेव्हापासून तो स्वच्छ चौकोन तिच्या डोळ्यांसमोरून हलायला तयार नव्हता.

होळीच्या दहा दिवस आधी सिल्व्हिओ बंबघरात आला. बरोबर सरपंच वाइनहोल्ड होते. सरपंच प्रत्येक गोष्टीच्या दोन्ही बाजू बघत, त्यामुळे त्यांची मान कायम हलती असे. सिल्व्हिओने हातगाडीवरून एक गवताचा पुतळा आणला होता. माणसाएवढा, तोंडाला काळा रंग, हातात खरी सूटकेस.

“चेटकीण दरवर्षीचीच आहे गं,” सिल्व्हिओ म्हणाला. “लोकांना कंटाळा आलाय. यंदा जरा ताजा विषय. मोर्चा सहाला चर्चपासून निघेल, वरच्या रस्त्याने विश्रांतिगृहावरून कुरणावर येईल, मग याला वर चढवायचा आणि पेटवायचा. विनोद आहे, बाकी काही नाही.”

“कळला,” कारोला म्हणाली. “मार्चमध्ये केलास तोच ना?”

सिल्व्हिओ हसला नाही. “काय म्हणायचंय तुला?”

“सूटकेस तुझ्या आईची आहे, असं म्हणायचंय. ही कुलपाची कडी माझ्या वडिलांनी बसवून दिली होती. एकोणनव्वदमध्ये हीच घेऊन तुम्ही हंगेरीमार्गे पळालात आणि पश्चिमेकडच्या बव्हेरियात शाळेच्या व्यायामशाळेत खाटांवर सहा महिने झोपलात. इकडे कधी न दिसलेली केळी तुला तिथे रोज मिळायची, आठवतं? परत आलास तेव्हा वर्षभर दुसरं काही बोलत नव्हतास.”

“ते वेगळं होतं. आम्ही जर्मन होतो.”

“बव्हेरियातल्या लोकांचं तसं मत नव्हतं.”

सरपंच घसा खाकरून म्हणाले, “हे बघा, भावना दोन्ही बाजूंनी...”

“सरपंच, पुतळा गेला तर मी सही करते. पुतळा राहिला तर सही राहिली.”

सिल्व्हिओने पुतळ्याच्या डोक्यावरचं गवत प्रेमाने नीट केलं. “कारोला, दहा मेला दलप्रमुखाची निवडणूक आहे. बावीस मतं. तुझी पाच आहेत, फार तर सहा. आणि होळी बंद केलीस ना, तर बेकरीवाली तुला पाव द्यायची नाही. नियम सांगतेस? नियमात पुतळ्याबद्दल एक अक्षर नाही. ढीग उलटलेला असला, की सही द्यावीच लागते. वाच एकदा.”

तिने वाचलं. तो म्हणत होता ते बरोबर होतं. नियमाला जाहकाची काळजी होती, पुतळ्याबद्दल त्याला काही म्हणायचं नव्हतं.

मग तिने आणखी एकदा वाचलं, सावकाश, प्रत्येक शब्दावर बोट ठेवून. ‘संपूर्ण ढीग.’ ‘हाताने.’ ‘त्याच दिवशी.’ हात कोणाचे, ते लिहिलेलं नव्हतं.

तीस तारखेला सकाळी आठला कुरणावर जमायचं, असा निरोप तिने बावीस जणांना धाडला. आठला ती एकटी होती आणि लोथारकाका होते. लोथारकाका एकाहत्तर वर्षांचे, दलातून वयोमानाने निवृत्त, पण सकाळी घरात बसलं की बायको भांडी घासायला लावते म्हणून सगळीकडे वेळेवर हजर. साडेआठला सिल्व्हिओचा संदेश आला: ‘सगळे कामावर. माझी पाठ धरलीय. तू नेहमीसारखी सही करून टाक. सहाला भेटू.’

“नेहमीसारखी,” लोथारकाका म्हणाले. “ओळखून आहे तो तुला.”

“हो ना,” कारोला म्हणाली, आणि वरच्या रस्त्याने चालू लागली.

पाऊण तासाने ती परत आली तेव्हा तिच्यामागे लहानमोठे अकरा जण होते. सगळ्यात पुढे सेनाइत, भाजलेल्या डाव्या हातात दलाचा जाड हातमोजा. लोथारकाकांनी थर्मासकडे पाहिलं, माणसं मोजली आणि म्हणाले, “कॉफी पुरायची नाही.”

“आम्ही आमची आणली आहे,” सेनाइत म्हणाली. “आपली कॉफी आम्ही एकदा प्यायली आहे.”

ढीग दोन पुरुष उंच होता. ते वरून खाली उपसत गेले, फांदी फांदी हातोहात, जशी त्या संध्याकाळी बादल्यांची रांग लावली होती तशी. एरवी कडेच्या चार फांद्यांपलीकडे कोणी गेलं नसल्यामुळे आत काय असतं ते कारोलानेही बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. आत गाव होतं. रंग दिलेली कपाटं, एक गादी, तीन टायर, बेकरीचा अर्धा ओटा. कचरा जंगलात टाकणं ओबरवाल्डित्सच्या माणसाला जमत नाही. जंगल त्याला देवाच्या ठिकाणी आहे. कचरा-केंद्रावर न्यावा तर तिथला माणूस काय आणलं, कोणी आणलं, हे वहीत लिहून घेतो. म्हणून जे कोणाला दाखवायचं नाही, ते होळीच्या पोटात.

“या माझ्या स्की आहेत,” लोथारकाका एकदम म्हणाले. “म्हणजे, कोणाच्या तरी असतील.”

साडेअकराला तळाशी एक जाहक सापडला. मुलांनी त्याला टोपलीत घालून कुंपणापलीकडे नेलं. तो मागे वळूनही न बघता गेला. त्यालाही वर विश्रांतिगृहाच्या बागेतच जायचं होतं, आणि त्याच्याविरुद्ध कोणी मोर्चा काढणार नव्हतं.

सेनाइत मात्र जागची हलली नव्हती. इरिट्रियातल्या केरेन गावात तिचं मसाल्याचं दुकान होतं. वीस वर्षं पोत्याबाहेरून वास घेऊन तिने मिरची ओळखली होती. ती नाक वर करून उभी होती. मग वाकली आणि नाताळच्या झाडाखालून एक लाल प्लास्टिकचा कॅन ओढून काढला. पांढऱ्या रंगात, नीट वळणदार, ‘६’.

वळण सिल्व्हिओचं होतं. त्याचे आकडे दलात प्रसिद्ध होते.

कारोलाला सगळं एकदम समजलं, आणि त्यातली अर्धी गोष्ट तिच्याबद्दल होती. भरल्या घरात ज्याला पेट्रोल ओतवलं, त्याला रिकामा कॅन जंगलात फेकवेना. फळीवर परत ठेवला तर पोलीस तपासणार, केंद्रावर नेला तर आकडा बघून प्रश्न येणार. मग होळी. उलटून घेण्याचं काय? ते कारोलावर सोडलं. ती करते सही. कॅन बिनधास्त लपवण्याइतकी या गावात एकच खात्रीची जागा होती, आणि ती म्हणजे तिची सही.

“हा आपल्या दलाचा आहे,” सेनाइत म्हणाली. तिने प्रश्न विचारला नव्हता.

“हो.”

“आपल्याला माहीत होतं?”

कारोलाने हातमोजे काढले. “कुठे आहे ते माहीत नव्हतं. नाही आहे, ते माहीत होतं. मोजणीत पाच होते. वहीत सहा लिहिले. मी सही केली.”

सेनाइत तिच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग दिसला असता तर कारोलाला बरं वाटलं असतं. सेनाइत नुसती मान डोलावत होती, किंमत ऐकल्यावर गिऱ्हाईक डोलावतं तशी.

लोथारकाका जवळ सरकले. “ऐक पोरी. मी काही पाहिलेलं नाही, माझी नजर अधू आहे, डॉक्टरचा कागद आहे. हा जिथे होता तिथे परत ठेव. सातपर्यंत मेणबत्तीसारखा वितळून जाईल. तुझं हेल्मेट राहील, गाव राहील. बाहेर काढलास तर पहिली तू जाशील. खोटी सही तुझी आहे. त्याचं काय, तो म्हणेल चोरीला गेला होता.”

आणि कारोलाने विचार केला. खोटं कशाला सांगायचं, चांगला मिनिटभर केला. वडिलांचं हेल्मेट खुंटीवर दिसलं. बेकरीवाली दिसली. दहा मे दिसला.

“क्षमा करा,” सेनाइत म्हणाली. “हा कॅन आपल्यापैकी कोणाला सापडला?”

“तुम्हाला.”

“मग आपण कशाबद्दल चर्चा करत आहात? अभ्यासवर्गात धडा सातवा आहे. ‘सापडलेली वस्तू.’ जर्मनीत वस्तू सापडली तर ती जमा करावी लागते. न करणं हा गुन्हा आहे. परीक्षेत आला होता, मला पूर्ण गुण मिळाले.” तिने पट्टीच्या हाताने कॅन छातीशी धरला. “मी नियम पाळणार. आपण आपल्या सहीचं काय करायचं ते बघा.”

लोथारकाकांनी टोपी काढून डोकं खाजवलं. “इथल्या समाजात मिसळणं म्हणतात ते हेच का?”

कारोलाने पोलिसांना फोन केला. मग बंबघरात जाऊन नोंदवही घेतली, आणि बंबही घेतला.

सहाला मोर्चा निघाला. दीडेकशे माणसं, लख्ख ऊन, आणि त्या उन्हात पेटवलेल्या मशाली. ज्योत दिसत नव्हती, नुसता धूर. पुढे हातगाडीवर पुतळा. वरच्या रस्त्याच्या वळणावर, विश्रांतिगृहाच्या फाटकासमोर, बंब आडवा उभा होता. होस जोडलेला. बंबावर नळाच्या चाकापाशी लोथारकाका बसले होते, दलाचे तिघे नळीवर, आणि पुढे कारोला. तिच्या शेजारी सेनाइत, हातात दोन्ही बाजूंनी पारदर्शक पिशवीत घातलेला कॅन. दोन पोलीस रस्त्याच्या कडेला आपल्या गाडीला टेकून होते. त्यांनी सेनाइतला आत जायला सांगितलं होतं. तिने पावती मागितली. सापडलेल्या वस्तूची पावती मिळेपर्यंत ती वस्तू सोडणार नव्हती, आणि पावतीपुस्तक चौकीत राहिलं होतं.

“गाडी बाजूला घे कारोला,” सिल्व्हिओ ओरडला. “परवानगी आहे आमच्याकडे!”

“मोर्च्याची आहे. सातपर्यंत. होळीची नाही.”

“ढीग उलटलाय की! लोकांनी पाहिलंय!”

“उलटलाय. काडी न् काडी. आत काय निघालं ते नियमाप्रमाणे सांगते.”

मागून कोणी ओरडलं, “किती खाल्लेस गं जिल्ह्याकडून?” दुसऱ्याने सूर लावला, “त्यांच्याबरोबर बंबातून आफ्रिकेत जा!”

“डिझेल तेवढं नाहीये,” लोथारकाका बंबावरून म्हणाले.

दोघंतिघं हसले आणि आपण चुकीच्या बाजूला हसलो हे लक्षात येऊन गप्प झाले. कारोलाने नोंदवही उघडली. आवाज तिच्या वडिलांचाच होता. कवायतीच्या मैदानावर दुसऱ्या टोकाला ऐकू जायचा.

“जिवंत जाहक, एक. सोडून दिला. टायर, तीन. बेकरीचा जुना ओटा, अर्धा.” बेकरीवाली दुसऱ्या रांगेत होती, तिने झेंडा तोंडापुढे घेतला. “स्कीची जोडी, मालक अज्ञात. आणि पेट्रोल कॅन, लाल, क्रमांक सहा. मालक, ओबरवाल्डित्सचं अग्निशमन दल. आता पाच एप्रिलची नोंद वाचते. कॅन, आढळले सहा. मोजणारा, सिल्व्हिओ नाउमान. तपासणारी, कारोला हेंपेल.” तिने वही खाली केली. “पाच होते. मी डोळ्यांनी पाहिलं पाच आहेत, आणि सहावर सही केली. या बाईंनी मला तोंडावर विचारलं होतं, माहीत आहे का. मी नाही म्हणाले, आणि मग नाहीचं नाहीच राहावं म्हणून मुकाट सही केली. माझ्या घरात आग लागली असती तर बादल्या घेऊन धावतील असे लोक या गावात किती आहेत ते मला मार्चमध्ये कळलं. ते सगळे या फाटकाच्या आत राहतात.”

सिल्व्हिओचा चेहरा पुतळ्यापेक्षा वेगळा दिसत नव्हता. “चोरीला गेला होता तो.”

“मग वहीत सहा का लिहिलेस?”

“तू सही का केलीस? जाशील तूसुद्धा! तुझं हेल्मेट गेलं, समजलीस?”

“समजले ना. म्हणून तर मोठ्याने वाचतेय.” तिने डोक्यावरचं हेल्मेट काढलं. दलप्रमुखाच्या हेल्मेटला भोवती लाल पट्टी असते. तिने नखाने पट्टीचं टोक उचकटलं आणि सर्रकन ओढून काढली. “ही घे. आता उरली ती साधी बंबवाली. तिला निवडणुकीने काढता येत नाही आणि हरवताही येत नाही.”

सरपंच पुढे झाले. “मंडळी, शांतपणे. या प्रकरणाला दोन्ही बाजू...”

“सरपंच, कॅनला एकच बाजू आहे. तिच्यावर सहा लिहिलंय.”

गर्दीत चुळबुळ झाली. एका पोराने मशाल जमिनीवर दाबून विझवली. मागून एका म्हाताऱ्याने मनापासून विचारलं, “म्हणजे होळीवरचे सॉसेज मिळणार की नाही?”

तो प्रश्न सिल्व्हिओला सहन झाला नाही. त्याने शेजारच्याची मशाल हिसकावली आणि बंबाला वळसा घालून कुरणाकडे धावला. त्याची पाठ बरी झाली होती. ढीग वीस पावलांवर होता. ढिगाला लागून विश्रांतिगृहाचं कुंपण, आणि कुंपणामागे सकाळी राबलेली माणसं पोरांना घेऊन उभी होती.

“पाणी!” कारोला म्हणाली.

लोथारकाकांनी चाक फिरवलं. नळी फुगली, धडपडली, आणि तिघांना एकदम मागे रेलावं लागलं. चौथे हात कमी पडत होते. सेनाइतने पिशवी पोलिसाच्या हातात कोंबली, “पावती नंतर,” म्हणाली, आणि एका हाताने नळी बगलेत धरली. धार आधी हातगाडीवर गेली. पुतळा बसकण मारून खाली आला. मग ढिगावर, आणि मग सिल्व्हिओच्या मशालीवर. मशाल विझल्यावर कारोलाने आणखी तीन सेकंद मोजले. ते नियमात नव्हतं.

सिल्व्हिओ कुरणात उभा होता, केसांतून पाणी निथळत, हातात ओलं लाकूड. मोर्चा त्याच्याकडे बघत होता. कोणी त्याच्या मदतीला गेलं नाही, कोणी कारोलाच्या बाजूनेही आलं नाही. लोक आपापली घड्याळं बघत होते. सातला पाच कमी होते. पोलिसाने कर्ण्यावरून सांगितलं, की परवानगीची वेळ संपत आहे. लोकांनी झेंडे गुंडाळले. काठ्या एका बाजूला, कापड एका बाजूला. बेकरीवाली जाताना कारोलाच्या अगदी जवळून गेली आणि न बघता म्हणाली, “ओटा माझ्या दिराचा होता.”

पोलिसांनी सिल्व्हिओला, अटक नव्हे, नुसतं बोलायला चौकीत यायला सांगितलं. तो गाडीत बसू लागला तेव्हा तरुण पोलिसाने परवानगीपत्र उघडलं. “नाउमानसाहेब, अट चौथी. मोर्च्यात आणलेलं सामान आयोजकाने आपल्याबरोबर परत न्यावं.”

“हातगाडी उद्या नेतो.”

“हातगाडी असू दे. पुतळा न्या.”

शेवटी पुतळा मागच्या सीटवर बसला. तो ओला होता म्हणून खाली पिशवी अंथरली. त्याच्या शेजारी सिल्व्हिओ, आणि सूटकेसला दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ती सिल्व्हिओच्या मांडीवर. काच खाली करून तो ओरडला, “दहा मेला बघतो तुला!”

“ये की,” कारोला म्हणाली. “सगळ्यांना घेऊन ये. फक्त पेजर चार्ज करून आण.”

गाडी वळणाआड गेली. लोथारकाका चाक बंद करून उतरले आणि ढिगाकडे निघाले. ढीग आता पुरावा होता. त्याला कोणी हात लावायचा नव्हता, आणि पोलिसांची दुसरी गाडी येईपर्यंत त्यावर पहारा ठेवायचा होता. अकरा वर्षांत कारोलाने पेटलेल्या होळीवर पुष्कळ पहारे दिले होते. न पेटलेल्या होळीवरचा हा पहिला. ती एका ओल्या ओंडक्यावर बसली, नोंदवही गुडघ्यावर उघडली, आपल्या सहीवर आडवी रेघ मारली आणि शेजारी आद्याक्षरांनिशी लिहिलं, ‘पाच. का. हें.’

सेनाइत वरून किटली घेऊन आली. “जर्मन कॉफी नाही,” ती म्हणाली. “घाबरू नका.”

“सेनाइत,” कारोला म्हणाली, “दलात नळीवर एक हात कमी पडतोय. सरावाला गुरुवारी या. संध्याकाळी सहा.”

“माझा एकच हात चालतो.”

“आमच्याकडे सतरा जणांचे दोन्ही चालत नाहीत.”

सेनाइतने कप भरला, तिच्या हातात दिला, आणि ढिगाकडे बोट दाखवलं. जाहक परत येत होता, कुंपणाखालून, आपल्या चालीने.

“त्याला हाकलू का?” लोथारकाकांनी विचारलं.

“कशाला?” कारोला म्हणाली. “राहू दे की. जागा आहे.”